कोणती चूक ठेवायची?

१८९१ च्या डिसेंबरात लंडनच्या पूर्वेकडच्या स्ट्रॅटफर्ड कारखान्यात ग्रेट ईस्टर्न रेल्वेच्या कामगारांनी एक इंजिन टेंडरसकट (मागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यासकट) जोडून, वर करड्या रंगाचा पहिला हात मारून, ९ तास ४७ मिनिटांत उभे केले. क्रमांक ९३०, वर्ग वाय-१४. सहा चाके, तीन आस, सिलिंडर आत दडवलेले. मालगाडी ओढण्यासाठी बनवलेले साधेसुधे, कष्टाळू जनावर. १८८३ ते १९१३ या काळात या कंपनीसाठी अशी २८९ इंजिने तयार झाली. पुढे लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने या वर्गाला जे-१५ हे नाव दिले, आणि शेवटची चार इंजिने १९६२ च्या सप्टेंबरात सेवेतून बाद झाली. आज याच इंजिनाचे, फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणातले मॉडेल पितळी किटपासून बनवायला एखादा हौशी माणूस बसतो, तेव्हा त्याचे चार-सहा महिने सहज जातात. सुटे भाग हाती असतात, क्रमवार सूचना असतात, तरीही पावणेदहा तासांच्या जागी शंभराच्या वर तास लागतात. तिथे मोठी टोळी होती आणि इथे माणूस एकटा आहे, हे एक कारण झाले. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. स्ट्रॅटफर्डच्या फिटरला काहीही ठरवायचे नव्हते. भाग कोणता, कुठे बसतो, किती जाडीचा, हे नकाशाघरात आधीच ठरून आले होते. किटवाल्याला मात्र दर पावलाला काहीतरी ठरवावे लागते, कारण त्याच्या पुढ्यातला जवळजवळ प्रत्येक भाग थोडा खोटा असतो, आणि त्यातला काही खोटेपणा कितीही कष्ट केले तरी निघत नाही.

हे किट म्हणजे काय, ते आधी पाहू. पितळेचा पातळ पत्रा घेतात, बहुधा ०.३८ किंवा ०.४५ मि.मी. जाडीचा. त्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाने कडक होणारा लेप देतात, फिल्मवर काढलेली आकृती दोन्हीकडून उमटवतात, आणि लेप नसलेली जागा फेरिक क्लोराइडने खाऊ देतात. पदविकेच्या प्रयोगशाळेत ज्यांनी सर्किट बोर्ड बनवले असेल त्यांना ते तपकिरी पाणी आणि त्याचे न जाणारे डाग आठवतील, रसायन तेच. दोन्ही बाजूंनी खाल्ले तर भोक पडते, एकाच बाजूने खाल्ले तर पत्रा अर्धा उरतो. या 'अर्ध्या'वर सगळी करामत उभी आहे. अर्धी खाल्लेली रेघ म्हणजे घडीची जागा, मागून अर्धा खाल्लेला ठिपका म्हणजे बोथट सुईने दाबून पुढे उठवायचे रिबीट, पुढून अर्धे खाल्लेले मैदान म्हणजे बाकीच्या पट्ट्या उठून दिसण्याची सोय. आता या पद्धतीचा स्वभाव बघा. आम्ल खाली जाता जाता बाजूलाही खाते, म्हणून कड सरळ न राहता तिच्यावर बारीक धार उरते आणि ती कानशीने काढावी लागते. पत्रा सपाट, म्हणून जे सपाट ते उत्तम जमते आणि जे गोल ते जमत नाही. धुराडे, घुमट, वाफेचे झाकण हे भाग ओतीव किंवा लेथवर काढलेले वेगळे यावे लागतात. आणि जाडी सगळीकडे एकच. किट बनवणाऱ्याने कितीही अभ्यास केलेला असो, हातात पडते ते खऱ्या इंजिनाचे सपाट पत्र्याच्या भाषेत केलेले भाषांतर, आणि भाषांतरात काय जाते ते मराठी वाचकाला सांगायला नको.

'किट सुधारणे' या शब्दांचा रूढ अर्थ भर घालणे असा आहे. सूचनांमध्ये नसलेले नळ, खिळे, कड्या, दांडे लावायचे. जितकी भर तितकी सुधारणा. हा अर्थ मला अपुरा वाटतो, आणि बऱ्याचदा उलटा. सुधारणेचे खरे काम म्हणजे मॉडेलमध्ये असणाऱ्या चुकांचा निवाडा: कोणती काढायची, कोणती झाकायची, कोणती तशीच ठेवायची, आणि कोणती ठेवताना सगळीकडे सारखी ठेवायची. हा निवाडा ज्याला करता येतो त्याचे मॉडेल रिबिटे कमी असूनही खरे वाटते. ज्याला येत नाही त्याचे मॉडेल कपाटात छान दिसते आणि पहिल्या सांध्यावर रुळावरून उतरते.

सर्वांत मोठी चूक पायाखालीच आहे. ब्रिटनमध्ये रुळांमधले प्रमाणित अंतर ४ फूट साडेआठ इंच. फुटाला चार मिलिमीटर धरले तर ते १८.८३ मि.मी. यायला हवे. पण तिथे सर्वाधिक चालणारा डबल-ओ प्रकार १६.५ मि.मी. रुळांवर धावतो, म्हणजे हिशेबाने ४ फूट दीड इंच. तब्बल सात इंचांची तूट. ती आली कुठून? १९२० च्या दशकात छोटी विजेची मोटर ब्रिटिश इंजिनाच्या अंगात मावेना. ब्रिटनचे बोगदे आणि पूल अरुंद, म्हणून तिथली इंजिनेही युरोपातल्या भावंडांपेक्षा सडपातळ. तेव्हा रूळ साडेतीन मिलिमीटर प्रमाणाचे तसेच ठेवले आणि वरचे शरीर तेवढे चार मिलिमीटरने वाढवले. थोडक्यात, अंगरखा मोठ्या भावाचा आणि पायजमा धाकट्याचा. मोटरी पुढे लहान झाल्या, कारण संपले, तडजोड राहिली. ती नको म्हणणाऱ्यांनी आधी १८ मि.मी.चा ईएम प्रकार काढला, जो पुढे १८.२ झाला, आणि १९६० च्या दशकात काहींनी हिशेब शेवटपर्यंत नेऊन १८.८३ चा पी-फोर मांडला, ज्यात चाकांची रुंदी आणि कडाही प्रमाणात आणल्या. चांगल्या पितळी किटमध्ये म्हणूनच चॅसिसच्या दोन बाजूंमध्ये बसवायच्या आडव्या पट्ट्या तीन रुंदींच्या येतात. किट बनवणारा इथे हात झटकून मोकळा होतो: चूक किती ठेवायची ते तुम्ही ठरवा.

यावर कडव्या माणसाचा आक्षेप ठरलेला आहे. अचूक अंतर ठाऊक आहे, चाके मिळतात, मग कमी अचूक काही बनवायचेच कशाला? आक्षेप तर्काला धरून आहे, पण त्यात एक गृहीत लपले आहे: एक माप बरोबर आले की मॉडेल तेवढे खरे होते. ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅम गावातले पेंडन संग्रहालय बघा. रॉय इंग्लंड नावाच्या, ऑस्ट्रेलियातून आलेल्या माणसाने ते उभे केले; दोन महायुद्धांमधल्या काळातले व्हाइट हॉर्सचे खोरे तिथे घराघरासकट, परसातल्या भाजीच्या वाफ्यासकट साकारले आहे, आणि गाय विल्यम्स यांची हाताने घडवलेली इंजिने त्यातून धावतात. ब्रिटनमध्ये या कलेचा मानदंड कोणता असे विचारले तर पेंडनचे नाव पहिल्या दोन-तीनांत येते. तिथले रूळ १८ मि.मी.चे आहेत, म्हणजे हिशेबाने चुकीचेच. प्रेक्षकाला ते जाणवत नाही, कारण तिथला अवकाश, रंग, गाडीची चाल आणि डब्यांची लांबी यांचे आपसांतले नाते बिघडलेले नाही. पी-फोरवाल्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही. समोरून पाहिलेले त्यांचे इंजिन खऱ्यासारखे फाकून उभे राहते, आणि ते सुख डबल-ओला कधीच मिळणार नाही. पण ती अनेक निर्णयांपैकी एक निवड आहे. बाकीच्या निर्णयांतून ती सुटका देत नाही, उलट काही निर्णय अधिक कडक करते, कारण प्रमाणातली बारीक कड असलेले चाक रुळातली लहानशी खोटही माफ करत नाही.

जाडीचे उदाहरण याहून बोलके आहे. ०.३८ मि.मी.चा पत्रा ७६.२ पट (फुटाला चार मिलिमीटर म्हणजे तेवढेच) केला तर जवळजवळ २९ मि.मी. होतो, इंचाहून जास्त. खऱ्या इंजिनाच्या केबिनचा पत्रा पाव इंच जाड धरला तर मॉडेलमध्ये तो ०.०८ मि.मी. हवा, साधारण वहीच्या कागदाएवढा. म्हणजे किटमधली केबिन चौपटीहून जाड आहे. ड्रायव्हर जणू तिजोरीत उभा आहे. आता त्याच पत्र्यातून कापलेली चॅसिसची बाजू घ्या. खऱ्या इंजिनाची मुख्य फ्रेम साधारण इंचभर जाडीच्या पोलादी पत्र्याची असे, प्रमाणात ०.३३ मि.मी. इथे तोच पितळी पत्रा जवळपास खरा आहे! एकाच पानावरचे दोन भाग, एक जवळजवळ सत्य आणि एक ढळढळीत असत्य, आणि दोन्ही तितक्याच सफाईने कापलेले. पातळ पत्र्याची केबिन करणे हा उपाय नाही. ती पहिल्या स्पर्शाला चेमटेल. जाणकार माणूस जाडी तशीच ठेवतो आणि जिथे ती दिसते तेवढी कड आतून उतरती कानसून घेतो. डोळा कडेवरून जाडी ठरवतो, मागे काय आहे ते त्याला दिसत नाही. चूक जागेवरच राहते, फक्त तिची साक्ष पुसली जाते. भर घालण्याच्या कोणत्याही व्याख्येत हे काम बसणार नाही, कारण इथे पितळ कमी झाले आहे.

चाकांच्या बाबतीत तर इतिहासच मदतीला येतो. जे-१५ चे चाक ४ फूट ११ इंच व्यासाचे, मॉडेलमध्ये १९.६७ मि.मी. डबल-ओ चाकांची कड प्रमाणापेक्षा खोल असल्याने नेमक्या मापाचे चाक वरच्या अर्धगोल मडगार्डला घासू लागते, आणि पितळाला चाक घासले की वीज कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो. दोन वाटा उरतात: मडगार्ड उंच करायचे किंवा चाक किंचित लहान घ्यायचे. पहिल्याने इंजिनाची बाजूची आकृती बिघडते, आणि ती आकृती म्हणजेच त्याची ओळख. दुसऱ्याला मात्र पुरावा आहे. चाकावरची पोलादी धाव झिजते, कारखान्यात ती पुन्हा पुन्हा लेथवर उतरवतात, आणि नवी धाव चढेपर्यंत व्यास दोन-तीन इंचांनी कमी झालेला असू शकतो. दोन-तीन इंच म्हणजे मॉडेलमध्ये दोन-तृतीयांश ते एक मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर लहान चाक लावणारा चूक करत नाही; तो एका झिजलेल्या इंजिनाचे मॉडेल करतो. पळवाट वाटेल, पण नकाशातले माप हे कारखान्यातून निघालेल्या पहिल्या दिवसाचे माप असते, आणि इंजिन त्या दिवशी थांबत नाही. गंमत अशी की जो मॉडेलला गंज, काजळी आणि तेलाचे ओघळ रंगवतो तोच बहुधा चाक मात्र कोरे करकरीत मापाचे मागतो.

आता चॅसिसकडे. या विषयावर सर्वांत वाचनीय लिहिणाऱ्यांपैकी एक असलेल्या इयान राइस यांनी पितळी इंजिनांच्या किटवर एक पुस्तक लिहिले आणि चॅसिससाठी वेगळे पुस्तक लिहिले. विषयाचे वजन कुठे आहे ते यावरून कळावे. सहा चाकांच्या इंजिनात दोन्ही बाजूंना तीन चाके जोडणारे दांडे असतात, आणि एका बाजूची क्रँक दुसरीच्या ९० अंश पुढे असते. एक बाजू मृत बिंदूवर आली तरी दुसरी ओढत राहावी म्हणून. मॉडेलमध्ये ओढणारी मोटर असते, तरी हा कोन हवाच, नाही तर दांडे अडकतात. नवशिका इथे कोनमापक घेऊन बसतो आणि ९० अंश नेमके येत नाहीत म्हणून रडकुंडीला येतो. वास्तविक तिन्ही आसांवर ८८ अंश असले तरी दांडे लोण्यासारखे फिरतील. दोन आसांवर ९० आणि तिसऱ्यावर ८८ असले तर इंजिन दर फेऱ्याला उचकी देईल. आसांच्या अंतराचेही तसेच. दोन आसांमधले अंतर नकाशापेक्षा पाव मिलिमीटर कमी असले तर जगात कोणाला कळणार नाही. पण दांड्याच्या भोकांमधले अंतर आणि आसांमधले अंतर एकमेकांशी जुळले नाही तर सगळे ठप्प. म्हणून अनुभवी माणसे चॅसिस मोजपट्टीने जुळवतच नाहीत. आधी दांडे पूर्ण करतात, आणि आसांच्या टोकांना त्या दांड्यांची भोके चढवून, त्यांच्या आधाराने बेअरिंग जागेवर झाळतात. माप बाहेरून आणायचे नाही, यंत्राच्या एका भागाने दुसऱ्याला माप द्यायचे. सगळीकडे सारखी असलेली चूक निरुपद्रवी, एकाच जागी असलेली घातक: माझ्या म्हणण्याचा सर्वांत पक्का पुरावा हा, आणि तो डोळ्याने नाही, बोटाने तपासता येतो.

दुसरा पुरावा आमच्याकडच्या तिवईत आहे. सारवलेल्या उंचसखल जमिनीवर चार पायांचा स्टूल डुगडुगतो, तिवई कधीच नाही. सहा चाके एका ताठ चौकटीत पक्की केली तर रुळाच्या बारीक उंचसखलपणात प्रत्यक्ष तीन-चार चाकेच टेकलेली असतात, आणि कोणती ते दर क्षणाला बदलते. मॉडेल रुळातून चाकांमार्गे वीज घेते. टेकलेले चाक म्हणजे जिवंत चाक. यावर जुनी तोड अशी: एक आस पक्का ठेवायचा, उरलेले दोन आस मधोमध टेकलेल्या एका झुलत्या पट्टीवर ठेवायचे. पक्क्या आसाचे दोन पाय आणि पट्टीच्या टेकूचा तिसरा, झाली तिवई. माइक शार्मन यांनी या पद्धतीचा पुस्तकातून प्रसार केला. अलीकडे काहीजण गिटारची पोलादी तार फ्रेमच्या लांबीत ओवून तिच्यावरच सगळे आस तोलतात. दोन्ही प्रकारांत जोडदांडा एकसंध चालत नाही, मधल्या क्रँकपाशी त्याला खऱ्यासारखा सांधा द्यावा लागतो, कारण आस वर-खाली होताना दांडाही वाकला पाहिजे. किटमध्ये एकसंध दांडा आला असेल तर तो कापून सांधा करणे ही मी पहिल्या क्रमांकाची सुधारणा मानतो. रंग चढल्यावर ती कोणाला दिसणार नाही.

खऱ्या इंजिनाला कमानी असतातच, मग त्यांचीच लहान प्रतिकृती का करू नये, असे कोणी विचारील. इथे वजनाचा हिशेब आडवा येतो. जे-१५ चे इंजिन, टेंडर सोडून, सुमारे ३७ टनांचे. लांबी ७६.२ पट कमी झाली की आकारमान त्याच्या घनाने कमी होते. भागाकार केला तर मॉडेलचे प्रमाणशीर वजन सुमारे ८५ ग्रॅम येते, एका मोठ्या लिंबाएवढे. एवढ्या वजनावर ते चार डबे ओढताना चाके जागेवरच फिरवत बसेल. म्हणून बॉयलरमध्ये शिसे भरून दुप्पट वजन केले जाते, आणि त्याला तोलणारी कमान खऱ्या कमानीची नक्कल राहत नाही, निराळ्या यंत्राची निराळी कमान होते. वळणांचेही तसेच: दोन फूट त्रिज्येचे टेबलावरचे वळण खऱ्या जगात ४६ मीटर त्रिज्येचे ठरते, ज्यावर कोणी शहाणा जे-१५ घालणार नाही, म्हणून मधल्या आसाला बाजूला सरकायची मोकळीक द्यावी लागते. उलट एक गोष्ट अजिबात लहान होत नाही. ताशी ३० मैलांच्या प्रमाणशीर वेगाने धावताना मॉडेलचे चाक मिनिटाला सुमारे १७१ फेरे घेते, आणि खरे इंजिन ताशी ३० मैलांनी धावताना त्याचे चाकही नेमके तितकेच घेते. अंतर लहान झाले, चाक तितकेच लहान झाले, काळ तेवढा तसाच राहिला. खरे आणि मॉडेल यांच्यात तंतोतंत जुळणारे एवढे एकच माप आहे, आणि ते साधायचे तर मोटरच्या फेऱ्यांना चाळीस-पन्नास पट सावकाश करणारा गिअरबॉक्स लागतो. घाईने पळणारे मॉडेल कितीही देखणे असले तरी खेळणे वाटते, त्याचे कारण हे आहे. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर गिअरबॉक्समध्ये घालावेत.

झाळकामाबद्दल थोडक्यात. १८८ अंशांवर वितळणारे सोल्डर पहिल्या सांध्यांना, १४५ चे नंतरच्या, आणि ७० अंशांचे ओतीव पांढऱ्या धातूच्या भागांना. म्हणजे पुढचा सांधा देताना मागचा सुटत नाही. पत्र्याला आधी पातळ सोल्डर चढवून घेणे म्हणजे आपली कल्हईच. कल्हईवाला नवसागर टाकतो, इथे पातळ फॉस्फरिक आम्ल लावतात, आणि काम झाल्यावर ते धुऊन टाकले नाही तर आठवड्याभरात हिरवे डाग आणि गंजलेली हत्यारे. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला यातले काही नवे वाटणार नाही. फार तर तो म्हणेल की भांडे फारच लहान घेतले.

वरच्या शरीराचा निवाडा मापांपेक्षा कागदपत्रांवर होतो. २८९ इंजिने, तीस वर्षे बांधणी, जवळजवळ ऐंशी वर्षे सेवा: 'जे-१५ चे मॉडेल' असे काही असूच शकत नाही. धुराडी बदलली, काहींना प्रवासी गाड्यांसाठी वेस्टिंगहाउस ब्रेकचा पंप लागला, कोल्न व्हॅली मार्गावरच्या काहींना बाजूला खिडकी असलेली केबिन मिळाली. किट हे सगळे पर्याय देऊन टाकते, आणि बेसावध माणूस १९१० चे धुराडे, १९३५ ची केबिन आणि १९५५ चा क्रमांक एकाच बॉयलरवर चढवतो. प्रत्येक भाग अचूक, इंजिन मात्र कधीच अस्तित्वात नसलेले. त्यामुळे पत्र्याला कानस लावण्याआधी एक क्रमांक आणि एक वर्ष ठरवणे भाग आहे. पुरावा कुठला घ्यावा? कारखान्याचे नकाशे, जसे यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेले आहेत, काय करायचे होते ते सांगतात. काय केले गेले ते नेहमी सांगत नाहीत. जुनी छायाचित्रे खरे सांगतात, पण अर्धेच, कारण छायाचित्रकार प्रकाश असलेल्या बाजूला उभा असतो आणि दुसरी बाजू अंधारात राहते. आणि जपलेले इंजिन? या वर्गातले एकच उरले आहे, १९१२ सालचे, नॉर्थ नॉरफक रेल्वेवर शेरिंगहॅमला. ते हात लावून पाहता येते, म्हणून सर्वांत विश्वासार्ह वाटते. पण आजवर चालू ठेवण्यासाठी त्याच्यावर जी दुरुस्ती झाली तिच्या खुणा त्याच्या अंगावर आहेत, आणि तो पुरावा आजच्या इंजिनाचा आहे, १९३० च्या नव्हे. तिन्ही साक्षीदार प्रामाणिक, तिघांच्या जबान्या वेगळ्या. या बाबतीत माझा कौल छायाचित्राला, आणि जिथे ते गप्प आहे तिथे नकाशाला.

सर्वांत वजनदार आक्षेप अजून राहिला. २०१५ च्या सुमारास हॉर्नबी कंपनीने जे-१५ चे तयार मॉडेल बाजारात आणले. चीनमध्ये बनलेले, साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकचे, रंग आणि अक्षरे यांत्रिक सफाईने छापलेली, चालही चांगली. सरासरी किटवाल्याच्या हातून निघणाऱ्या मॉडेलपेक्षा ते देखणे आहे, हे कबूल न करणे म्हणजे हट्ट. मग पितळेला चटके देत बसण्यात अर्थ काय? 'स्वतः करण्याचा आनंद' हे नेहमीचे उत्तर मला लंगडे वाटते. आनंद कशातही असतो, त्याने पितळेचे समर्थन होत नाही. माझे उत्तर असे की तयार मॉडेलमध्येही या सगळ्या चुका आहेतच. १६.५ मि.मी. रूळ आहेत, जाड कडा आहेत, वळणासाठीची ढिलाई आहे, एका विशिष्ट वर्षाची निवड आहे. फरक एवढाच की निवाडा कोणीतरी आधी करून ठेवला आहे आणि त्याची कारणे डब्यावर छापलेली नाहीत. ज्याला तो निवाडा मान्य आहे त्याने ते मॉडेल खुशाल घ्यावे; त्यात कमीपणा नाही. ज्याला रूळ १८.८३ चे हवेत, किंवा खिडकीवाल्या केबिनचे कोल्न व्हॅलीचे इंजिन हवे आहे, त्याला ते उघडावे लागेल, आणि उघडल्यावर तो पुन्हा त्याच प्रश्नांपाशी येऊन उभा राहील. त्रिमिती छपाईचेही तेच. गोल भाग, धुराडी, घुमट यांत ती पितळेच्या पुढे आहे आणि तिथे ती वापरावीच. पण पातळ, ताठ, सरळ फ्रेम आणि आसाचे बेअरिंग यांसाठी राळेपेक्षा धातूवर माझा भरवसा जास्त.

आपल्याकडे याचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी एक हिशेब. भारतीय ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. युरोपात आणि भारतात रूढ असलेल्या, फुटाला साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणात तो १९.२५ मि.मी. येतो. पुण्याला जोशी यांचे लहान रेल्वेंचे संग्रहालय पाहून आलेला मुलगा घरी जे तयार रूळ आणतो ते बहुधा १६.५ मि.मी.चेच असतात. त्यांवर भारतीय इंजिन चालवले तर तूट साडेनऊ इंचांच्या आसपास जाते, ब्रिटिशांच्या सात इंचांहून अधिक, आणि प्रमाणातही अधिक. जे-१५ सारखीच सहा चाकांची, आत सिलिंडर असलेली 'एसजी' मालगाडी इंजिने ब्रिटिश मानकांनुसार बनून इथे ब्रॉडगेजवर चालली. त्यांचे मॉडेल जो कोणी करील त्याला रुंद पायांवर उभे असलेले इंजिन हवे की बाजारातल्या रुळांवर धावणारे, हे पत्रा कापण्याआधीच ठरवावे लागेल. मी त्याच्या जागी असतो तर रूळ बाजाराचे घेतले असते आणि अंगाची रुंदी नकाशाबरहुकूम ठेवली असती.

पहिले किट घ्यायचे ठरवले असेल तर एक्स्प्रेसचे देखणे इंजिन घेऊ नका. बाहेरचे सिलिंडर आणि त्यांचे दांडे पहिल्याच प्रयत्नाला जीव काढतात. सहा चाकांचे, आत सिलिंडर असलेले मालगाडीचे इंजिन घ्या. बॉयलर, केबिन, धुराडे पाकिटातच राहू द्या आणि आधी चॅसिस करा. दांडे चढवल्यावर, मोटर बसवण्याच्या आधी, चॅसिस किंचित कललेल्या काचेवर ठेवा. बोट न लावता घरंगळत खाली गेली तर पुढचे पाकीट उघडा. मध्येच थांबली तर थांबली त्या जागी चाकाला खूण करा, दांडा काढा, आणि भोक तपासा.